संदेश-तारेवरील जादा दाबापासून नियंत्रकाचे संरक्षण

पुणे शहरालगतच्या हवेली, मावळ व मुळशी तालुक्यांतील अनेक हरितगृहांत व मळ्यांत पाणी सोडण्याचे काम आता स्वयंचलित नियंत्रकावर सोपविलेले असते. विहिरीतील फ्लोट स्विच पाणी आहे किंवा नाही याचा संदेश तारेने पेटीकडे पाठवितो व त्यानुसार मोटर चालू किंवा बंद होते. मोटर ४१५ व्होल्टवर चालते. पण नियंत्रकाचा संदेश घेणारा भाग बहुधा अवघ्या ५ व्होल्टचा असतो. त्यावर अर्ध्या व्होल्टहून अधिक जादा दाब आल्यास त्यास इजा पोहोचते.

बिघडलेला भाग नेहमी बंदच पडतो असे नाही. कधी कधी तो विहीर कोरडी असतानाही 'पाणी आहे' असाच संदेश देत राहतो. मग मोटर कोरडी फिरते व जळते. यास्तव या भागाचे रक्षण म्हणजे मोटरीचे व पर्यायाने पिकाचे रक्षण होय.

जादा दाब तीन मार्गांनी येतो : चुकीच्या जोडणीने, मोटरीच्या केबलशी संपर्क आल्याने, व विजेच्या कडकडाटाने. प्रत्येकावर उपाय वेगळा आहे.

पहिल्यासाठी रोध व झेनर डायोड पुरेसे होतात. संदेश १२ व्होल्टचा असल्यास तारेच्या मार्गात १,००० ओहमचा रोध घालावा आणि त्यापुढे आदान व ऋण टोक यांच्यामध्ये ५.१ व्होल्टचा झेनर बसवावा. झेनर दाब ५.१ व्होल्टवर रोखून धरतो व उरलेला भार रोध सोसतो. चुकून २४ व्होल्ट जोडले गेले तरी सुमारे १९ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो व रोधात ०.३६ वॉट उष्णता निर्माण होते. सबब रोध अर्ध्या वॉटचा घ्यावा. आदान व ऋण टोक यांच्यामध्ये १०,००० ओहमचा आणखी एक रोध जोडावा. त्यायोगे तार तुटल्यास 'पाणी नाही' असा अर्थ होऊन मोटर थांबते.

परंतु त्या तारेस २३० व्होल्टचा स्पर्श झाल्यास त्याच रोधावर पन्नास वॉटहून अधिक भार पडून तो क्षणात जळतो. येथे ऑप्टोकपलर वापरावा. यात संदेश प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो. दोन्ही बाजूंत विजेचा जोड नसतो. पीसी ८१७ हा सर्वत्र मिळणारा प्रकार ५,००० व्होल्टपर्यंत अलगपणा राखतो. मात्र शेताकडील १२ व्होल्टचा पुरवठा निराळा असावा व दोन्ही बाजूंची ऋण टोके एकत्र जोडू नयेत. अन्यथा ऑप्टोकपलर बसवूनही उपयोग होत नाही. संदेश-तार मोटरीच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेऊ नये. दोहोंत किमान एक फूट अंतर ठेवावे.

वीज दूर पडली तरी लांब तारेत दाबाची लाट उठते. यासाठी तार पेटीत शिरते तेथेच सर्ज अरेस्टर बसवून तो आखूड व सरळ तारेने अर्थिंगला जोडावा. उन्हाळ्यात मुरमाड जमीन वाळते व अर्थिंग निकामी होते. म्हणून एप्रिलपासून खड्ड्यात पाणी घालीत जावे. वळवाच्या व परतीच्या पावसाच्या दिवसांत संदेश-तारेचा प्लग काढून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पुण्यातील पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप विजेची आगाऊ सूचना देते. मेघगर्जना ऐकू येऊ लागल्यावर मात्र कोणत्याही तारेस हात लावू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेटी पाहताना मुख्य पुरवठा बंद करवून, फ्लोटची तार सोडवून मग पुरवठा चालू करावा. मोटर सुरू न झाल्यास जोडणी योग्य समजावी. सुरू झाल्यास ती तत्काळ बंद करून, पेटी जाणकार वायरमनकडून दुरुस्त होईपर्यंत मोटर स्वयंचलित ठेवू नये.