पंधराव्या वर्षीचा दुपदरी आवाज

ऐंशीच्या दशकातल्या एका गाण्यावर लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा माझ्या मनात दुसरं नावच आलं नाही. १९८०चा 'कुर्बानी', आणि त्यातलं 'आप जैसा कोई'.

इतिहास थोडक्यात सांगते. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक फिरोज खान. चित्रपटाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, हे एक गाणं मात्र बिद्दूचं. बिद्दू मूळचा बंगळूरचा. लंडनला जाऊन त्याने नाव काढलं. १९७४चं, त्याची निर्मिती असलेलं 'कुंग फू फायटिंग' ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. शब्द इंदीवरांचे. पडद्यावर झीनत अमान. आणि गायिका कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये शिकणारी नाझिया हसन, वय वर्षं पंधरा.

मी अडकले ती या आवाजापाशी. कोवळा, किंचित नाकातला, फिरत अशी काहीच नाही. मुंबईत तेव्हा बहुतेक गाणी गायक आणि सगळा वाद्यमेळ एकत्र बसवून रेकॉर्ड व्हायची. कुणा एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. तिथे हा आवाज व्हायोलिनच्या ताफ्यापुढे टिकलाच नसता. बिद्दूने लंडनच्या मल्टिट्रॅकवर वाद्यं सुटी सुटी घेतली आणि नाझियाचा आवाज एकावर एक असा दुहेरी बसवला. तीच मुलगी, तीच ओळ, दोनदा. माणूस कितीही नेमकं गायला तरी दुसऱ्या खेपेला श्वास, सूर, शब्दाची फेक केसभर सरकतेच, आणि त्या फरकातूनच आवाज भरीव होतो. पातळपणा लपवायला त्याने कोरस घातला असता तर गाणं चारचौघांसारखं झालं असतं. त्याने तिचा आवाज तिच्याच आवाजाने भरला. यंत्राचा इतका मायेने केलेला वापर मी फार कमी गाण्यांत ऐकला आहे.

या गाण्याने तिला फिल्मफेअर मिळालं. १९८१मध्ये भाऊ झोहेबबरोबरचा 'डिस्को दीवाने' आला आणि सिनेमाचा आधार नसलेला अल्बमही घरोघर वाजू शकतो, हे दिसलं. पुढच्याच वर्षी 'डिस्को डान्सर' हा चित्रपट. पण हिंदी सिनेमाने या गाण्यातून ठेका उचलला; असा बिनतालमीचा, शाळकरी आवाज पुन्हा शोधायच्या फंदात तो फारसा पडला नाही, याची मला खंत वाटते.

नाझियाची वाटही सोपी नव्हती. पाकिस्तानात लष्करशहा झिया-उल-हकांची राजवट, पॉप संगीताकडे वाकडी नजर. १९९२च्या 'कॅमेरा कॅमेरा' या अल्बमनंतर तिने गाणं थांबवलं. कायद्याचं शिक्षण तिने घेतलं होतं, संयुक्त राष्ट्रसंघातही काम केलं. मग फुप्फुसाचा कर्करोग. १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये ती गेली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी.

आज या गाण्याच्या नव्या आवृत्त्या निघतात, मुलं त्यांवर नाचतात. नाचू देत. पण एकदा त्यांच्या कानाला हेडफोन लावा आणि १९८०चं मूळ गाणं ऐकवा, गायिकेचं नाव सांगून.