गच्चीवरचा अर्धा तास

२०२०चा गुढीपाडवा आठवतोय ना? २५ मार्च. त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. गुढी उभारली, पण दाराशी यायला कुणीच नाही. पुढे टीव्हीवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झालं, घरातले सगळे त्यात रमले. मी मात्र तिन्ही त्रिकाळ ओट्याशी! कामाच्या मावशी येईनात, त्यात बचत गटातल्या मैत्रिणींचे फोन. कुणाचं शिवणकाम थांबलेलं, कुणाच्या नवऱ्याचा पगार. त्यांना धीर देता देता एके दुपारी भांडी घासताना मलाच रडू कोसळलं. कुणाला कारणही सांगता येईना.

त्या संध्याकाळी “कुरडया काढून आणते” म्हणून गच्चीवर गेले. (त्या दुपारीच काढल्या होत्या, हे आता सांगायला हरकत नाही!) शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवर. मध्ये बोळ, तोंडाला पदर. दोघी कितीतरी वेळ काही बोललोच नाही, नुसत्या बसून राहिलो. मग रोज साडेसहाला तो अर्धा तास ठरूनच गेला. फोन खाली, चार्जिंगला.

चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “अगं, कुरडया तर डब्यात भरल्यासुद्धा. वर आता काय वाळत घातलंयस?” मी नुसती हसले. दुसऱ्या दिवशी त्याही गुडघे धरत जिना चढून आल्या.