सामरीची हवेली मुरूडची

बोर्ली पंचतनहून दिघी, तिथून ‘जंगल जेट्टी’च्या फेरीबोटीने खाडी ओलांडून आगरदांडा आणि मग मुरूड. तिथे समुद्रावरच्या टेकाडावर जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा आहे. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) या भयपटाचं चित्रीकरण इथे झालं. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचं, कॅमेरा भाऊ गंगूचा. सेटवर पैसा घालण्यापेक्षा रामसे जुने वाडे गाठत, आणि तेच पथ्यावर पडलं: या वाड्याच्या टोकदार कमानींतली भीती कुठल्याही सेटला जमली नसती. चित्रपटात तरुण मित्रमैत्रिणींच्या जिवावर उठलेला राक्षसी सामरी म्हणजे अजय (अनिरुद्ध) अग्रवाल, शिक्षणाने स्थापत्य अभियंता. अंगापिंडाने एवढा उंच की नुसता दारात उभा राहिला तरी थिएटर चिडीचूप! सोबत आपले सदाशिव अमरापूरकरही होते. वाडा खासगी आहे; रस्त्यावरूनच पाहावा.