शिकारी पिल्लाची शाळा कधी सुरू करावी?

राजापालयम, चिप्पिपारै, कन्नी, कोंबै. तमिळनाडूच्या या देशी जातींपैकी एखादं पिल्लू घरी आलं, की एक प्रश्न हमखास येतो: 'याला शिकारीचं कधी शिकवायचं?' शेजारचे म्हणतात, सहा महिन्यांचं होऊ दे. मामा म्हणतात, वर्षभर हातच लावू नकोस. तिसरा कोणी म्हणतो, शिकवायचं काय त्यात, ते रक्तातच असतं!

तुमच्याही घरी असं पिल्लू आलं असेल, किंवा येणार असेल, तर थोडक्यात उत्तर असं आहे. शिक्षण आठव्या आठवड्यापासून सुरू करा. पूर्ण वेगाने पळवणं साधारण सव्वा ते दीड वर्षानंतर. आणि जिवंत सावजामागे सोडणं मात्र कधीच नाही. आता याची कारणं पाहू.

रक्तात काय असतं?

चिप्पिपारै, कन्नी किंवा आपल्याकडचा मुधोळ हाउंड ही नजरेवर शिकार करणारी कुत्री. दूरवर काही हललं, की डोळे तिथे खिळतात आणि पुढच्या क्षणी पाय सुटतात. हे कोणी शिकवावं लागत नाही.

पण हाक मारल्यावर परत येणं, धावता धावता थांबणं, अंगणातल्या कोंबडीला न शिवणं, फटाक्याला न घाबरणं, हे रक्तात नसतं. ते शिकवावंच लागतं. जुन्या शिकाऱ्यांनाही हेच हवं असायचं. पळून गेलेलं आणि परत न आलेलं कुत्रं त्यांच्या काय कामाचं?

आपल्या भागात ही परंपरा जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'सारमेयविनोद', म्हणजे कुत्र्यांचे खेळ, असं वेगळं प्रकरणच आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या 'खंड्या' या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, असं सांगितलं जातं. मुधोळच्या घोरपडे राजांनी तर आपल्या संस्थानातल्या शिकारी कुत्र्यांची जात जपली. आजही ती मुधोळ हाउंड याच नावाने ओळखली जाते.

मग आज शिकार का नको?

कारण सरळ आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे शिकार हा गुन्हा आहे. या कायद्यातली शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. वन्य प्राण्याला पकडणं, हाकणं, त्याचा पाठलाग करणं, इतकंच काय, तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. म्हणजे 'आम्ही मारलं नाही, नुसतं मागे पळवलं' ही सबब चालत नाही.

कावेरीकाठच्या भातशेतात मोर दिसला आणि गंमत म्हणून कुणी कुत्रं सोडलं, तर ती गंमत फार महागात पडू शकते. मोर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. घरातली तरुण मुलं कुत्रं घेऊन शेतावर जात असतील, तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आठ ते सोळा आठवडे: सोन्याचे दिवस

अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या पिल्लांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि 1965 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. साधारण तीन ते बारा आठवड्यांच्या काळात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं, हे त्यांनी दाखवलं. 1961 च्या एका प्रयोगात चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास न मिळालेली पिल्लं पुढेही माणसाला बिचकतच राहिली.

म्हणून 'मोठं झाल्यावर शिकवू' म्हणत पिल्लाला मागच्या अंगणात बांधून ठेवणं हे सर्वांत मोठं नुकसान. मात्र याचा अर्थ आईपासून लवकर तोडावं असाही नाही. 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. आईच्या आणि भावंडांच्या सहवासात ते 'किती जोरात चावायचं नाही' हे शिकत असतं.

या दिवसांत रोज थोडं थोडं करा:

• नाव घेतलं की खाऊ. नाव ऐकून मान वळली पाहिजे.
• गुडघ्यावर बसून जवळ बोलवा. आलं की कौतुक. आल्यावर कधीही रागावू नका.
• लहान मुलं, म्हातारी माणसं, छत्री, सायकल, मोटारसायकल यांची ओळख करून द्या.
• कुंभकोणममध्ये देवळांच्या मिरवणुका, नादस्वरम, तविल हे रोजचंच. आवाज दुरून ऐकवा, सोबत खाऊ द्या, मग हळूहळू जवळ न्या.
• कोंबडी, बकरी, वासरू दोरीत धरून दाखवा. शांत राहिलं की बक्षीस.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका. कडेवर घेऊन फिरवा. ओळख होते आणि रोगही टळतो. लसींचं वेळापत्रक पशुवैद्यांकडून लिहून घ्या. रेबीजची लस चुकवू नका.

पांढरंशुभ्र राजापालयम घेतलं असेल, तर आणखी एक गोष्ट तपासा. या जातीत बहिरेपण आढळतं. पिल्लू पाठमोरं असताना, झोपलेलं नसताना, टाळी वाजवून पाहा. दाद देत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. ऐकू न येणाऱ्या कुत्र्यालाही हाताच्या खुणांनी उत्तम शिकवता येतं, पण ते लवकर कळलं पाहिजे.

घरात एकच शब्द

तंजावर-कुंभकोणमच्या मराठी घरांत हा घोळ नेहमीचा. आजी म्हणते 'ये', मुलगा म्हणतो 'वा', बाबा म्हणतात 'कम'. पिल्लाने कुणाचं ऐकायचं? त्याला मराठी, तमिळ, इंग्रजी असं काही नसतं. त्याला फक्त आवाज कळतो. सगळ्यांनी बसून चार शब्द ठरवा: येण्याचा, बसण्याचा, थांबण्याचा आणि सोडण्याचा. कागदावर लिहून फ्रिजवर लावा. भाषा कोणतीही चालेल, शब्द एकच हवा.

चार महिने ते एक वर्ष

चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडतात. या काळात कापड ओढाओढीचे जोरदार खेळ नकोत. त्याऐवजी नाकाचे खेळ घ्या. खाऊचा तुकडा फडक्याखाली लपवा, मग दाराआड, मग बागेत. पाच-दहा मिनिटांत पिल्लू दमतं आणि समाधानाने झोपतं.

सहा महिन्यांनंतर वयात येण्याचा काळ सुरू होतो. काल हाकेला धावत येणारं पिल्लू आज ऐकून न ऐकल्यासारखं करतं. ते विसरलेलं नसतं. जगच जास्त मजेदार झालेलं असतं. अशा वेळी मारू नका. दहा मीटरची लांब दोरी बांधा, मोकळ्या जागी न्या आणि 'ये'चा धडा पुन्हा पहिल्यापासून घ्या. हा काळ निभावला नाही, की कुत्रं कायमचं साखळीला बांधलं जातं. दिवसरात्र आखूड साखळीत ठेवणं ही 1960 च्या कायद्याप्रमाणे क्रूरता आहे.

पळायचं कधी?

लांब पायांची ही कुत्री उंच लवकर होतात, पण हाडांची टोकं पक्की व्हायला बारा ते अठरा महिने लागतात. त्याआधी मोटारसायकलमागे पळवणं, उंच उड्या मारायला लावणं यामुळे सांधे जन्माचे दुखावतात. पिल्लाला मनाने हुंदडू द्या, मनाने थांबू द्या. एप्रिल-मे महिन्यांत पहाटेच बाहेर काढा. डांबरी रस्त्यावर आपला तळहात पाच सेकंद टेकवत नसेल, तर त्याचे पायही भाजणार.

दीड वर्षानंतर कुंपण असलेल्या मैदानात दोरीला फडकं बांधून ते वेगाने ओढा. नजरेवर शिकार करणाऱ्या कुत्र्याला हवं ते सगळं या खेळात आहे. यात जीव कुणाचाच जात नाही.

या गोष्टी टाळा

रक्ताची चव लागावी म्हणून जिवंत कोंबडी पुढे टाकणं, चपळ व्हावं म्हणून उपाशी ठेवणं, धीट व्हावं म्हणून कानाशी फटाका फोडणं. यातून शिकारी कुत्रं घडत नाही. भित्रं किंवा चावरं कुत्रं मात्र घडतं, आणि त्याचा पहिला चावा बहुधा घरातल्याच मुलाला बसतो.

या जातींच्या अंगच्या गुणांना आजही काम आहे. मुधोळ हाउंडची पिल्लं 2016 मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. 2005 मध्ये टपाल खात्याने राजापालयम आणि मुधोळ हाउंड यांची तिकिटं काढली. शेताची राखण, घराची सोबत आणि रोजची मोकळी धाव, एवढं मिळालं तरी कुत्रं खूश असतं.

पिल्लू आणण्याआधी घरच्यांशी एवढंच बोलून घ्या: रोज सकाळी तासभर याला कोण देणार? नाव ठरलं असेल, तर पिल्लू आणा आणि त्याच दिवशी पहिला धडा सुरू करा.