इडैयन्गुडी येथील चर्च : वास्तू, व्याकरण आणि समाज

दक्षिण तमिळनाडूतील तिरुनेल्वेली जिल्ह्यात ताडांची बने आणि तांबड्या वाळूची टेकाडे यांच्या परिसरात इडैयन्गुडी हे खेडे वसले आहे. तमिळमध्ये ‘इडैयन्’ म्हणजे मेंढपाळ व ‘कुडी’ म्हणजे वस्ती. एकोणिसाव्या शतकात मात्र या भागातील ख्रिस्ती मंडळींत मोठा भरणा होता तो ताडावर चढून रस काढणाऱ्या व त्याचा गूळ करणाऱ्या शाणार जमातीचा. येथील ‘पवित्र त्रैक्य’ चर्चची उभारणी १८४७ मध्ये सुरू झाली आणि १८८० मध्ये त्याचा प्रतिष्ठापनाविधी झाला. एका खेड्यातील प्रार्थनामंदिर पुरे होण्यास तेहतीस वर्षे लागावीत, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

या वास्तूचा प्रवर्तक रॉबर्ट कॉल्डवेल (१८१४–१८९१) हा होय. १८३८ मध्ये तो लंडन मिशनरी सोसायटीतर्फे मद्रासेस आला. पुढे अँग्लिकन पंथ स्वीकारून १८४१ मध्ये इडैयन्गुडी येथे स्थायिक झाला. सरळ रस्ते आखून त्याने गावाची रचना केली. त्याची पत्नी एलायझा हिने मुलींसाठी शाळा चालविली व स्त्रियांना लेस विणण्याची कला शिकवून मिळकतीचे साधन दिले.

चर्चचे बांधकाम चालू असतानाच, १८५६ मध्ये, कॉल्डवेलचे द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध झाले. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८७५ मध्ये निघाली. दक्षिणेकडील भाषा संस्कृतोद्भव नाहीत, हा विचार फ्रान्सिस व्हाइट एलिस याने १८१६ मध्येच मांडला होता. परंतु त्यास विस्तृत शास्त्रीय पाया मिळाला तो या ग्रंथाने. भाषाशास्त्राच्या इतिहासात इडैयन्गुडीचे स्थान आहे ते यामुळेच.

या ग्रंथातील एक विवेचन मराठी अभ्यासकास विशेष जवळचे वाटावे. तमिळमध्ये प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : ऐकणाऱ्यास सामावून घेणारे ‘नाम्’ व त्यास वगळणारे ‘नांगळ्’. मराठीतील ‘आपण’ व ‘आम्ही’ यांत हाच भेद आहे. संस्कृतात तो नाही. उत्तरेकडील काही भाषांतही असा भेद आढळतो, याची नोंद कॉल्डवेलने घेतली होती.

परंतु व्याकरणातील हा भेद ज्याने इतक्या काळजीने नोंदविला, त्याच्याच लेखणीतून १८४९ मध्ये शाणारांविषयीची एक इंग्रजी पुस्तिका उतरली होती. तीत या जमातीचे बुद्धिसामर्थ्य व आचारविचार हीन कोटीचे ठरविलेले आहेत. इंग्लंडमधील वाचकांशी बोलताना लेखकाच्या ‘आपण’मध्ये त्याचीच मंडळी नव्हती, ती केवळ वर्णनाचा विषय होती. पुढे मिशनच्याच शाळांतून शिकलेल्या पिढीने ही पुस्तिका वाचली आणि १८८० च्या दशकात तिचा जाहीर निषेध केला. आपल्याविषयी काय लिहिले जाते हे वाचण्याची व त्यास उत्तर देण्याची शक्ती त्या शिक्षणानेच दिली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १९२१ मध्ये सरकारदप्तरी ‘शाणार’ऐवजी ‘नाडार’ हे नाव मान्य झाले.

कॉल्डवेल १८९१ मध्ये कोडैकानल येथे निवर्तला. त्याचे दफन मात्र इडैयन्गुडीच्या चर्चमध्येच झाले. १९४७ मध्ये दक्षिण भारतातील अँग्लिकन मंडळी इतर काही प्रॉटेस्टंट पंथांसह ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ या एकीकृत धर्मसंस्थेत सामील झाल्या.

अशा वास्तूचा इतिहास केवळ संस्थापकाच्या चरित्रातून सांगणे अपुरे होय. व्याकरण आणि पुस्तिका ही एकाच गावात राहणाऱ्या एकाच लेखकाची कृती आहे. पहिलीच्या गौरवात दुसरी झाकू नये, तद्वतच दुसरीच्या दोषांमुळे पहिलीचे मोल नाकारू नये. ज्यांच्याविषयी ‘ते’ असे लिहिले गेले, त्यांनी ‘आम्ही’ म्हणून उत्तर दिले. त्या उत्तराला या चर्चच्या इतिहासात स्थान दिले, तरच तो इतिहास पूर्णतेच्या जवळ जाईल.