गोळी घेतली की नाही?

चतुर्थीला चाकरमानी मुंबईहून मालवणला येतात आणि एक-दोन दिवसांत काहीतरी खटकते. आई तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारते. डब्यात रक्तदाबाच्या गोळ्या तशाच पडून, मधुमेहाच्या मात्र महिन्याच्या गोळ्या वीस दिवसांत संपलेल्या. ‘वय झाला आता,’ शेजारीण म्हणते.

मधुमेह मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा करतो, त्यामुळे अशा रुग्णांना स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. पण विसरणारा प्रत्येक रुग्ण स्मृतिभ्रंशाचाच असतो असे नाही.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी चुकून दोनदा घेतली आणि जेवण राहिले, तर साखर ७० च्या खाली उतरू शकते. एरवी घाम येतो, हात थरथरतात. वृद्धांत कधीकधी नुसता गोंधळच दिसतो. घरच्यांना वाटते, विसराळूपणा वाढला. अशा वेळी आधी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ती उतरली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना.

दुसरे कारण बी-१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास ते कमी होऊ शकते. मासे खाणाऱ्या किनाऱ्यावर ही शंका सहसा येत नाही. पण दात गेलेली, एकटी राहणारी आजी पेज-लोणच्यावरच दिवस काढत असते. थायरॉईड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या हीही कारणे तपासून घ्यावीत. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे.

रुग्णाला सर्वात जास्त छळते ती लाज. मासळी बाजारात सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकतो, म्हणून बाजार बंद. भजनात नावे आठवत नाहीत, म्हणून भजनही बंद. डॉक्टरांनी विचारले की ‘सगळ्या गोळ्या घेतल्या’ हेच उत्तर. साखर वाढलेली पाहून डॉक्टर डोस वाढवतात आणि मग कधीतरी त्या गोळ्या खरोखरच सगळ्या घेतल्या जातात.

विसर पडत असल्याचे कळले, तर उपचार सोपे करता येतात: कमी गोळ्या, ठरलेली एकच वेळ, वारांचे खण असलेली डबी. अशा वृद्धांत तीन महिन्यांची साखर ८ टक्क्यांच्या आत असली तरी बहुधा चालते, ६.५ चा हट्ट नको. मुंबईहून रोजचा फोन गोळीच्या वेळीच करावा. आणि पुढच्या तपासणीला घरातली सगळी औषधे, रिकामी पाकिटेसुद्धा, पिशवीत घालून आणावीत.