नऊ नळ्या

पहाटे 5.30
लोणारचं विवर. रोजंदारीवरचा मदतनीस दोन रिकामे कॅन आणि एक लाकडी पेटी घेऊन उतरायला लागतो. पेटीत क्वार्ट्झच्या नऊ नळ्या, गोणपाटात गुंडाळलेल्या. साधी काच सूर्याचे अतिनील-बी किरण अडवते, क्वार्ट्झ जाऊ देतं. त्याचा रोज सहाशे. एक नळी चार रोजांहून महाग. म्हणून कॅन खांद्याला आणि पेटी छातीशी.

7.00
काठाला काळा चिखल, सडक्या अंड्यांचा वास. पाणी दाट हिरवं, खारं, सोड्याचं. पीएच दहाच्या आसपास. आर्थ्रोस्पायराला, म्हणजे स्पिरुलिनाला, हेच मानवतं. पाणी किती नितळ आहे ते मोजायला तो गुडघाभर पाण्यात शिरून सेकी तबकडी सोडतो. वीतभर जाते न जाते तोच दिसेनाशी.
गमबूट त्याचे स्वतःचे, साडेतीनशेचे.

9.00
बाभळीखाली गाळणं सुरू. इतक्या दाट पाण्यात वरचं शैवाल खालच्याला सावली देतं. म्हणून गाळलेलं पाणी घालून नमुना पातळ करायचा. हातपंप मारायचं काम त्याचं.

11.00
नळ्या उथळ ट्रेमध्ये आडव्या. तीन उघड्या. तिघींवर अतिनील-बी अडवणारी फिल्म. उरलेल्या तिघींना सगळंच अतिनील बंद. ट्रेतलं पाणी तापू द्यायचं नाही, नाहीतर परिणाम उन्हाचा की उष्म्याचा, कळायचं नाही. तो थोड्या थोड्या वेळानं बादली ओततो. सोड्यानं बोटं चिरलीत. डोक्याला ओला रुमाल.
2020 च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. मिठात जगणाऱ्या हॅलोआर्कियांचा तो रंग. ते रंगद्रव्य त्यांना उन्हापासून वाचवतंही.

2.30
सूक्ष्मदर्शक. फिल्मखालच्या थेंबात लांब, स्प्रिंगसारखे पीळ. उघड्या नळीतल्या थेंबात बरेच तुटलेले. काही पीळ घट्ट आवळलेले. तेवढीच एकमेकांना सावली. प्रयोग करणाऱ्या मॅडम त्यालाही बघायला देतात.
"बारीक तुकडे झाले न मॅडम!"

5.30
चढण. वीस लिटरचा कॅन भरलेला, दोनदा टेकवावा लागतो. वर आल्यावर तो नळ्या मोजून देतो. नऊ. सहाशे रुपये मोजून घेतो.
"उद्या आभाळ आलं त मंग?"
"मग प्रयोग नाही, दादा."
तो तिथूनच मोंढ्यात फोन लावतो. उद्या पोती उतरवायला माणूस पाहिजे का, विचारतो.